कवेलूंवर फेकलेला दात

मराठी भाषेत दातांना तोटा नाही. रागावलेला माणूस दातओठ खातो, घाबरलेल्याची दातखिळी बसते, लाचार माणूस दुसऱ्यापुढे दात विचकतो. दात कोरून पोट भरत नाही हे आपण चिकट माणसाला ऐकवतो आणि नशिबाने ज्याची थट्टा मांडली त्याच्याजवळ दात असतात तेव्हा नेमके चणे नसतात. मराठीच्या तासाला सरांनी शरीराच्या अवयवांवरून आलेल्या म्हणी आणि वाक्प्रचार जमवायला सांगितले तेव्हा माझ्या वहीत दातांचेच पान सर्वांत आधी भरले. पण खेळता खेळता लहान मुलाचा दात आपटून पडला तर पहिल्या पंधरा मिनिटांत काय करावे, हे सांगणारी एकही म्हण त्या पानावर नव्हती. भाषेचा त्यात दोष नाही. ही गोष्ट माणसाला कळूनच फार वर्षे झालेली नाहीत.

कला शाखेच्या मुलीने डॉक्टरांच्या विषयात का शिरावे, असे कोणाला वाटेल. वाटणे बरोबर आहे. पण माझी आई आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे आणि बाबा सालदार आहेत. बारावीच्या पुढे गेलेली आमच्या घरातली मी पहिली. त्यामुळे दवाखान्याची चिठ्ठी, बँकेचा कागद, फवारणीच्या औषधाच्या डब्यावरची बारीक अक्षरे, सगळे माझ्यापुढे येते. "थे बीएले हाये, तिले इचारा," असे म्हणून शेजारपाजारचे निर्धास्त होतात. माझे विषय मराठी, इतिहास आणि गृहअर्थशास्त्र आहेत, हे गावाला सांगून उपयोग नाही. कॉलेजात जाते म्हणजे हिला सगळे आले पाहिजे, असा सरळ हिशेब आहे. दातांचा विषयही असाच माझ्या पदरात पडला.

आमच्याकडे लेकराचा दात पडला की तो शेणाच्या गोळीत घालून कवेलूंवर फेकतात. कोणी उंदराच्या बिळात टाकतात. उंदराचे दात पांढरे, बारीक आणि मजबूत. जुना दात त्याने न्यावा आणि आपल्यासारखा नवा द्यावा, अशी त्यामागची कल्पना. माझेही सगळे दात असेच आमच्या घरावर गेले. कवेलू जाऊन टिनपत्रे आली, पण रीत तीच राहिली, फक्त आता दात पडल्याचा टण्‌ असा आवाज येतो. ही रीत मला आजही आवडते. रडणाऱ्या पोराला आपला दात कोणीतरी घेऊन जाणार आणि त्याच्या बदल्यात काहीतरी येणार, असे वाटले की ते हसायला लागते. बालमानसशास्त्राच्या पुस्तकाला याहून चांगला उपाय सुचला असता असे मला वाटत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मात्र याच रितीने एका पोराचा दात गेला.

आमचे गाव मोताळा तालुक्यात, म्हणजे घाटाखाली. उन्हाळ्यात नळाची पाळी लांबली की सगळा गाव हापशीवर येतो. शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा, चौथीतला, घागर घेऊन आला होता. अंगाने लहान, म्हणून दांडा खाली करायला तो त्याला लोंबकळायचा. हात घामाने निसटला आणि दांडा वर उसळून त्याच्या तोंडावर बसला. वरचा समोरचा एक दात मुळासकट निघून हापशीच्या चिखलात पडला. बायकांनी त्याचे तोंड धुतले, कोणीतरी हळद आणून भरली. एकीला दात सापडला, तिने तो त्याच्या आजीच्या हातात दिला. आजी म्हणाली, "दुधाचाच त हाये. येते पुन्हा." आणि शेणाची गोळी करून तिने तो घरावर फेकला.

या आजीला अडाणी म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. तिने सात लेकरे वाढवली. त्यांचे जेवढे दात तिने फेकले तेवढे सगळे पुन्हा आले. इतक्या वेळा खरी ठरलेली गोष्ट या वेळीही खरी ठरेल असे तिला वाटले, तर त्यात नवल काय? फक्त या वेळचा दात निराळा होता.

दुसऱ्या दिवशी पोराचा ओठ वांग्यासारखा सुजला, तेव्हा त्याची आई, तो आणि कागद वाचायला मी, असे तिघे एस.टी.ने राजूर घाट चढून बुलढाण्याला गेलो. दातांच्या डॉक्टरांनी तोंड पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "दात कुठे आहे?" पोराची आई म्हणाली, "घरावर." डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला. रागावले मात्र नाहीत. हा जवाब त्यांना नवा नसावा.

संध्याकाळी गावात परतल्यावर पोराच्या काकाने शिडी लावून ती गोळी शोधून काढली. शेण वाळून खडखडीत झाले होते. फोडले तर आत दात. दिसणारा पांढरा भाग जेवढा, त्याहून लांब त्याचे मूळ. आजीने तो हातावर घेतला, उलटा केला आणि कितीतरी वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "दुधाच्या दाताले त एवढं मूळ नसते व माय." कोणी तिला शिकवले नव्हते. सात लेकरांचे दात हाताळलेल्या बोटांना ते कळले होते. पण तोवर एक रात्र आणि दीड दिवस उलटला होता.

त्या पोराला आता काढता-घालता येणारा एक दात मिळाला आहे. जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांचा होईपर्यंत, पक्की सोय करता येत नाही. शाळेत पाठ वाचायला उभा राहिला की त्याच्या डाव्या हाताचे बोट ओठावर जाते. पूर्वी तो वर्गात सर्वांत मोठ्याने कविता म्हणायचा. एका दाताने काय होते, असे म्हणणाऱ्याने त्याला एकदा पाहावे.

डॉक्टरांनी त्या दिवशी जे सांगितले आणि नंतर मी जे वाचले, त्याचे सार आमच्या गावाच्या भाषेत सांगायचे तर दात हे रोप आहे. मिरचीची रोपे एका वाफ्यातून उपटून दुसरीकडे लावायची असतात तेव्हा आई त्यांची मुळे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवते. मुळांची माती कोणी खरवडत नाही आणि रोपे उन्हात पसरूनही ठेवत नाही. दाताच्या मुळाभोवती असेच अतिशय बारीक तंतूंचे आवरण असते. ते दाताला हाडाशी बांधून ठेवते. दात उपटून पडला की या आवरणाचा काही भाग दातावर आणि काही खोबणीत राहतो. दातावरचा भाग जिवंत असेल तर दात पुन्हा धरतो. हवेत तो भराभर वाळतो आणि तासाभरात बहुतेक मरून जातो. मग दात बसवला तरी तो हाडाला नुसता चिकटतो आणि पुढे काही वर्षांत हाड त्याचे मूळ खाऊन टाकते.

१९६६ साली डेन्मार्कमधील आंद्रेआसेन आणि योर्टिंग-हान्सेन या दोघांनी पुन्हा बसवलेल्या ११० दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्या तासाच्या आत बसवलेले दात बहुतांशी टिकले आणि दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेले बहुतेक सगळे बिघडले, असे त्यांना दिसले. पुढे १९८०च्या सुमारास स्वीडनमध्ये ब्लोमलॉफ यांनी दाखवले की दात लगेच बसवता येत नसेल तर तो दुधात ठेवावा. दुधातले क्षार आपल्या शरीरातल्या पाण्याशी जुळतात, म्हणून त्या पेशी दुधात काही तास जगतात. साध्या पाण्यात त्या फुगून फुटतात. दंतशास्त्रातली एवढी मोठी गोष्ट, आणि तिला लागणारे औषध चहासाठी आणलेल्या पातेल्यात असते! हे वाचले त्या दिवशी मी घरातले दुधाचे पातेले जरा निराळ्या नजरेने पाहिले.

त्यातून एक गमतीचे वाक्य माझ्या मनात तयार झाले आणि मी ते आईला पाठ करायला लावले: दुधाचा दात दुधात घालायचा नाही, पक्का दात दुधात घालायचा.

पहिला अर्धा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. दुधाचे दात एकूण २०. बाळ साधारण सहा महिन्यांचे झाले की ते यायला लागतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. त्यांच्या मुळांशेजारी, हाडाच्या आत, पक्के दात तयार होत असतात. म्हणून आपटून पडलेला दुधाचा दात कधीही परत खोबणीत ठोकू नये. तो बसवण्याच्या नादात आतल्या कोवळ्या पक्क्या दाताला धक्का बसतो. तो दात खुशाल कवेलूंवर जाऊ द्यावा, अर्थात डॉक्टरांना दाखवून झाल्यावर. वय हाच ओळखण्याचा सोपा मार्ग. सहा वर्षांच्या आतल्या मुलाचे समोरचे दात दुधाचेच समजावेत. सहा-सातव्या वर्षी खालचे मधले दोन, सात-आठव्या वर्षी वरचे मधले दोन पक्के येतात. ते मोठे असतात, किंचित पिवळसर असतात आणि नवे असताना त्यांच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते दिसतात. आजीने ओळखले ते मूळ ही खूण खरी, पण ती आपसूक हलून पडलेल्या दातापुरती. दुधाच्या दातालाही मूळ असते, ते पक्का दात येता येता झिजत जाते. दोन वर्षांच्या पोराचा दात मार लागून पडला तर त्यालाही मूळ दिसेल. म्हणून वय आधी, मूळ नंतर.

पक्का दात पडला असेल तर तो लगेच शोधावा आणि पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला बोट लावू नये. माती लागली असेल तर दुधाने हलके धुवावे. घासू नये, साबण लावू नये, खरवडू नये. मूल शुद्धीवर असेल आणि ऐकत असेल तर जागच्या जागी, योग्य बाजू पाहून, दात खोबणीत सरकवावा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगून दवाखाना गाठावा. हा धीर सगळ्यांना होणार नाही, मलाही होईल की नाही कोण जाणे. न झाल्यास दात थंड दुधात ठेवून निघावे. दूध नसेल तर मुलालाच वाटीत थुंकायला लावून त्या थुंकीत ठेवावा. किळस करण्याची ही वेळ नव्हे. अगदी काहीच नसेल तर कोरडा नेण्यापेक्षा पाणी बरे. कागदाच्या पुडीत, रुमालात किंवा शर्टाच्या खिशात बांधून नेलेला दात म्हणजे उन्हात टाकलेले रोप. मूल हृदयाच्या आजाराचे असेल तर घरी दात बसवू नये, तो दुधात घालून डॉक्टरांवर सोडावे. दंत-इजांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपल्या सूचना नव्याने प्रसिद्ध केल्या, त्यांतही सर्व भर या पहिल्या काही मिनिटांवर आहे. दात नुसता तुटला असेल तर तुटलेला तुकडाही सोबत न्यावा, ओला ठेवावा. पुष्कळदा तो तसाच चिकटवता येतो.

आणि दाताच्या आधी डोके. पोर बेशुद्ध पडले होते का, उलट्या होतात का, गुंगीत जाते का, दातांवर दात नीट बसतात का, हे पाहिल्याशिवाय दाताकडे वळू नये. यांतले काही असेल तर दात राहू द्यावा आणि आधी मोठा दवाखाना गाठावा. पडलेला दात कुठेच सापडला नाही आणि पोराला ठसका लागला किंवा श्वास घेताना आवाज येऊ लागला, तरीही तसेच. तो श्वासनळीत गेलेला असू शकतो.

दुधाच्या दातांच्या बाबतीत बहुतेक वेळा काहीच न करणे हा उपाय असतो, आणि नेमके तेच आपल्याला जमत नाही. माझी भाची दोन वर्षांची असताना उंबरठ्यावर पडली. आपलेच दात आणि आपलेच ओठ ही म्हण तेव्हा मी खरीखुरी पाहिली. खालचा ओठ वरच्या दातांनी फाटला होता, रक्त इतके की माझी बहीण पोरीला सोडून स्वतःच खाली बसली. आईने स्वच्छ ओल्या फडक्याने ओठ दहा मिनिटे दाबून धरला. तोंडातले रक्त थुंकीत मिसळून जास्त दिसते, हे तिला अंगणवाडीच्या अनुभवाने माहीत होते. मग दुकानातून बर्फाची कांडी आणून पोरीच्या हातात दिली. सूज उतरायला बर्फ आणि रडे थांबायला कांडी! रक्त थांबल्यावर पाहतो तर वरचा एक दात नाहीसाच झालेला. जमिनीवर नाही, कपड्यांत नाही. गावातल्या एका ओळखीच्या माणसाने सांगितले की आत मोडला असेल, उद्या मुळाचा तुकडा काढून टाकू. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र काढले. दात मोडला नव्हता, हिरडीत आत घुसला होता. ते म्हणाले, "हात लावू नका. तो आपण होऊन खाली येईल." आठवडाभर मऊ खिचडी, वरण-भात, मऊ ब्रशने हळूच सफाई, दुधाची बाटली आणि चोखणी बंद. बहिणीला हे काही उपचार वाटेनात. एवढ्या लांब जाऊन औषध नाही, सुई नाही! पण तिसऱ्या महिन्यात दाताचे टोक हिरडीतून डोकावले आणि सहा महिन्यांत तो शेजाऱ्याच्या बरोबरीला आला.

त्याचा रंग पुढे राखाडी झाला. लोक म्हणतात कीड लागली. ती कीड नव्हे. मार बसलेल्या दुधाच्या दाताचा रंग असा बदलतो, कधी परत उजळतोही. हिरडीवर फोड आला, पू आला, ताप आला किंवा दात दुखू लागला तरच त्याचे काही करायचे. मागून येणाऱ्या पक्क्या दातावर एखादा पांढरा किंवा पिवळसर-तपकिरी डाग असू शकतो, हे मात्र डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले आहे. वरच्या ओठाच्या आतली, हिरडीला जोडणारी पातळ पट्टी फाटली तरी आईबाप हादरतात. ती बहुधा टाक्यांशिवाय भरून येते. पण अजून चालायला न लागलेल्या बाळाची ती फाटली असेल, तर कशाने, हे डॉक्टरांनी विचारले पाहिजे आणि घरच्यांनी खरे सांगितले पाहिजे. गावात प्रत्येक पोर पडूनच दात पाडून घेते असे नाही. काही दात दारूच्या रात्री पडतात. याबद्दल अधिक लिहिण्याची ही जागा नव्हे, पण अजिबात न लिहिण्याचीही नव्हे.

आता हे दात मुळात पडूच नयेत यासाठी काय करावे? पोराला मांडीवरून उतरू न देणे हा उपाय नाही. दोन-तीन वर्षांचे मूल पळायला शिकते आणि पडते, दुधाच्या दातांना सर्वांत जास्त मार याच वयात लागतो. आमच्या आज्या लेकराला चालायला शिकवण्यासाठी पांगुळगाडा देत. पोर त्याच्या मागे उभे राहून ढकलायचे, पावले त्याची स्वतःची असायची. आता बाजारातून चाकांचा प्लास्टिकचा वॉकर येतो, त्यात पोर मध्ये बसते आणि पायाने नुसते रेटते. आमच्या ओट्यावरून एक वॉकर पोरासकट पायरीवर गेलेला मी पाहिला आहे. कॅनडा देशाने २००४ साली या वस्तूच्या विक्रीवर बंदी घातली. पांगुळगाडा मागासलेला आणि वॉकर सुधारलेला, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

हापशीचा दांडा का उसळतो, हेही मी समजून घेतले. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला खोल विहिरीत उतरलेल्या लोखंडी सळ्यांचे वजन असते. हात सुटला की ते वजन खाली ओढते आणि दांडा वर येतो. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आज देशभर दिसणाऱ्या इंडिया मार्क-२ या हापशीचे पूर्वज आपल्या शेजारच्या जालन्याला आणि मग सोलापूरला तयार झाले, आणि १९७०च्या दशकात युनिसेफच्या मदतीने तिला आजचे रूप आले. इतक्या गावांची तहान भागवणाऱ्या यंत्राला मी दोष देणार नाही. पण ज्याची हनुवटी दांड्याच्या वर पोहोचत नाही त्याला हापशीवर पाठवू नये, एवढा नियम आमच्या गल्लीने त्या उन्हाळ्यानंतर केला. आठवडाभर पाळला गेला. मग सोयाबीनच्या पेरणीचे दिवस आले, मोठी माणसे शेतात गेली आणि पोरे पुन्हा दांड्याला लोंबकळू लागली.

मोटारसायकलचे तर विचारूच नका. पेट्रोलच्या टाकीवर पोराला पुढे बसवून आठवडी बाजाराला जाणे ही आमच्याकडे हौस आहे. गतिरोधकावर ब्रेक लागला की पोराचे तोंड सरळ हँडलवर. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट, चार वर्षांखालच्याला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत, असा केंद्र सरकारचा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. आमच्या रस्त्यावर तो पाळणारा एकही बाप मला अजून भेटलेला नाही.

शाळेत दोन जागा धोक्याच्या: एक इट्टी-दांडूचे मैदान आणि दुसरी पाण्याची टाकी. उडालेली इट्टी कोणाच्या तोंडाकडे जाईल हे तिलाही माहीत नसते, म्हणून झेलणाऱ्याने लांब उभे राहावे. टाकीवर तोटीला तोंड लावून पाणी पिणाऱ्याचे डोके मागून ढकलण्याची गंमत तर आपण सर्वांनी पाहिली आहे. वाकून तोटीला तोंड लावण्याऐवजी पेल्याने पाणी प्यायचे, एवढ्याने कितीतरी दात वाचतील. ज्यांचे वरचे दात पुढे आलेले आहेत, पुष्कळदा अंगठा चोखण्याच्या सवयीने, त्यांना इजा लवकर होते. ही सवय वेळेवर सुटली तर बरे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन मुलांना तपासते, दातही पाहते. किडलेला दात पथकाच्या तारखेपर्यंत थांबतो. पडलेला दात थांबत नाही. त्या वेळी जवळ असते ती अंगणवाडीची मदतनीस, शाळेत खिचडी करणारी बाई, दुकानदार, आजी. म्हणून मी आईच्या अंगणवाडीत एका पुठ्ठ्यावर दोन दात काढून लावले, एक लहान आणि एक लांब मुळाचा. लांब मुळाच्या दाताखाली दुधाचा पेला काढला. चित्रकला माझी यथातथाच. पहिल्या दिवशी एका पोराने त्याला मुळा म्हटले.

यंदा श्रावणात शाळेच्या ओल्या फरशीवर तिसरीतली एक मुलगी तोंडावर पडली. वय आठ. वरचा पक्का दात निघून दाराशी जाऊन पडला. शाळा आणि अंगणवाडी एकाच आवारात. आरडाओरडा ऐकून आई धावली. तिने दात पांढऱ्या बाजूने उचलला, समोरच्या घरातून दुधाचा पेला मागवला आणि त्यात टाकला. त्या घरच्या बाईने विचारले, "अवो, चहाचं दूध हाये थे, दात कायले टाकता त्यात?" गुरुजींनी आपल्या मोटारसायकलवर मुलीला आणि तिच्या बापाला घेतले, बापाने पेला छातीशी धरला, वरून स्टीलची ताटली. घाटात दूध थोडे सांडले, पण दात बुडालेला राहिला. दवाखान्यात पोचेपर्यंत पाऊण तास होऊन गेला होता.

डॉक्टरांनी दात बसवला, शेजारच्या दातांना बारीक तारेने दोन आठवडे बांधून ठेवला, औषधे दिली, धनुर्वाताची सुई पाहून घेतली. मुळाचे टोक अजून पुरते बंद झालेले नाही, म्हणून आतली नस पुन्हा जगण्याची थोडी आशा आहे, ते म्हणाले. न जगल्यास नसेचा उपचार करावा लागेल. दात टिकेल की नाही हे दोन-तीन वर्षे पाहत राहिल्यावरच कळेल. तार निघाली आहे. मुलगी भाकर अजून मागच्या दातांनीच चावते. पुढची तपासणी दिवाळीच्या सुट्टीत आहे आणि तिच्या बापाने मला सोबत यायला आत्ताच सांगून ठेवले आहे, चिठ्ठी वाचायला.